घरातील फौजदारी

भिलाईच्या जुनवानी भागात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिल्यापासून परगावच्या विद्यार्थ्यांची वस्ती वाढली आहे. आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलेही त्याच परीक्षांच्या चरकातून जात असतात. अशा एखाद्या घरात, वैशाखातही मुलगी पूर्ण बाह्यांचे कपडे सोडीत नाही हे आईच्या ध्यानी येते, हातावरचे व्रण दिसतात, आणि तत्क्षणी घराची कचेरी होते: जाबजबाब, तंबी, देवापुढे शपथ, पुन्हा असे न करण्याचा मुचलका.

स्वतःच्या देहाला इजा करणाऱ्याला बहुधा मरण नको असते. असह्य झालेला क्षोभ, किंवा त्याहून भयंकर अशी मनाची बधिरता, घटकाभर आटोक्यात आणण्याचा तो प्रयत्न असतो, आणि देहाची वेदना ओसरताना मनालाही उसंत मिळते म्हणूनच ती सवय जडते. लक्ष वेधण्याचे हे नाटक आहे, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. बहुतेकजण हे व्रण जिवापाड लपवितात. तथापि अशांच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, हेही खरे. म्हणून ‘जगणे नकोसे वाटते का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही.

क्षोभाच्या भरात तग धरण्याची कौशल्ये शिकविणारी, या बाबतीत गुणकारी ठरलेली उपचारपद्धती अमेरिकेतील मार्शा लिनहान यांनी सिद्ध केली. आणि तारुण्यात मनोरुग्णालयात असताना आपणही स्वतःला इजा करीत होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले.

आपल्याकडे खुद्द आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे जुन्या भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत उरले नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याआधीच अशा व्यक्तीच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली होती. सरकारने फिर्याद मागे घेतली. घरांनी मात्र ती चालूच ठेवली आहे.

तेव्हा आईबापांनी आधी जखमेची शुश्रूषा करावी, आवाज चढवू नये, आणि शपथ तर मुळीच मागू नये. ती मोडली की लाज दुणावते आणि व्रण अधिक कसोशीने लपविले जातात. जखम खोल असेल किंवा मरणाची भाषा निघाली, तर एकटे न सोडता तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी कोणाशी बोलावे असे वाटल्यास, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो अहोरात्र व विनामूल्य असून तेथे हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते.