नगरसेविका ते लोकसभाध्यक्षा

दिवसा सोन्याचांदीची उलाढाल आणि रात्री त्याच दुकानांपुढे खवय्यांची दाटी, अशी आपल्या सराफ्याची दोन रूपे आहेत. भुट्ट्याचा कीस व गराडू विकणारे उशिरा निघून जातात आणि पेढ्या उघडण्यापूर्वी रस्ता झाडावा लागतो. हे काम कोणाचे, असे विचारले तर ‘नगरनिगमाचे’ असे उत्तर मुले चटकन देतात. परंतु नगरनिगमात बसून लोकप्रतिनिधी काय शिकतो, याचा विचार क्वचितच होतो. श्रीमती सुमित्राताई महाजन यांच्या कारकिर्दीकडे आम्ही त्या दृष्टीने पाहू इच्छितो.

सुमित्राताई माहेरच्या साठे. त्यांचा जन्म १२ एप्रिल १९४३ रोजी चिपळूण येथे झाला. विवाहानंतर त्या इंदूरला आल्या आणि येथेच त्यांनी एम. ए. व कायद्याची पदवी घेतली. कोकणातून आलेल्या माणसाला माळव्याचा कोरडा उन्हाळा प्रथम जाचतोच. ताईंनी मात्र हे शहर असे आपलेसे केले की, हिंदी बोलणारे इंदूरकरही त्यांना आपल्या मराठी शब्दाने ‘ताई’च म्हणतात.

१९८२ साली त्या नगरसेविका झाल्या व १९८४ साली उपमहापौर. नगरसेवकाचे क्षेत्र लहान असते, पण तेथे लपण्यास जागा नसते. नळ आला नाही, गटार तुंबले, दिवा लागला नाही, की नागरिक थेट दारी येतो. पुढे १९८५ साली विधानसभेच्या निवडणुकीत ताईंचा पराभव झाला. आणि तरीही १९८९ साली त्यांनी लोकसभेसाठी उभे राहून प्रकाशचंद्र सेठी यांना हरविले! सेठी हे राज्याचे माजी मुख्यमंत्री व देशाचे माजी गृहमंत्री. तेव्हापासून २०१४ पर्यंत ताई इंदूरमधून सलग आठ वेळा निवडून आल्या. २००९ साली मताधिक्य अवघे अकरा हजारांच्या आसपास होते, तर २०१४ साली ते साडेचार लाखांवर गेले. मध्यंतरी अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनात त्या राज्यमंत्रीही होत्या.

६ जून २०१४ रोजी त्या लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या. मीरा कुमार यांच्यानंतर हे पद भूषविणाऱ्या त्या दुसऱ्या महिला. या आसनाची गंमत अशी की, ज्याला सर्वांत मोठा मान, त्यालाच वादविवादात बोलता येत नाही. अध्यक्षांनी सर्वांना बोलू द्यावयाचे, आणि मत द्यावयाचे ते केवळ दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच.

खरी कसोटी निःपक्षपातीपणाची. इंग्लंडमध्ये अध्यक्ष आपला पक्ष सोडतो. आपल्याकडे १९६७ साली नीलम संजीव रेड्डी यांनी तसे केले. पण ती प्रथा रुजली नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये ताईंनी काँग्रेसच्या २५ सदस्यांना पाच दिवसांसाठी निलंबित केले. सभागृहात फलक आणून कामकाज रोखणे गैर, असे एक बाजू म्हणाली. विरोधी आवाज दडपला गेला, असे दुसरी. आमच्या मते शिस्त राखणे हा अध्यक्षांचा अधिकारच आहे, परंतु निवडणुकीत पक्षाचे तिकीट घेणाऱ्या अध्यक्षांच्या निर्णयावर शंका येणे अटळ असते. हा दोष व्यक्तीचा नव्हे, व्यवस्थेचा. वाचकांनी घरी वडीलधाऱ्यांशी याची चर्चा जरूर करावी.

एप्रिल २०१९ मध्ये ताईंनी निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले. २०२१ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्यांच्या जागी इंदूरमधून निवडून गेलेले शंकर लालवानी हेही नगरनिगमाचेच जुने नगरसेवक.