आईकडचं गोत (भाग ६) : तळबीडच्या मोहित्यांची लेक

कावळा नाक्यावरचा घोडेस्वार पुतळा कोणाचा, हे कोल्हापूरचं शेंबडं पोरही सांगेल. पण ताराराणी माहेरच्या कोण, असं शिवाजी पेठेत उभा मारुती चौकात विचारून बघा, उत्तर पटकन येत नाही. यात पेठेचा दोष नाही. आपल्या वंशावळीच तशा लिहिलेल्या असतात. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बायकोचं नाव आलं तर आलं, तिच्या माहेराची नोंद त्याहून विरळ. म्हणून राणीचं माहेर शोधायचं तर सासरची वंशावळ पुरत नाही, तिच्या बापाच्या आणि भावांच्या मागावर जावं लागतं.

ताराराणींचे, म्हणजेच ताराबाईंचे वडील हंसाजी मोहिते. गाव कऱ्हाडजवळचं तळबीड. २४ फेब्रुवारी १६७४ला नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर पडले आणि शिवाजी महाराजांनी हंसाजींना हंबीरराव हा किताब देऊन सरनोबत केलं. नेसरी आपल्याच गडहिंग्लज तालुक्यातली. ताराबाईंचा जन्म पुढच्या वर्षीचा, १६७५चा. म्हणजे पाळण्यात होती तेव्हाच ती सरसेनापतीची लेक होती.

आता एक पायरी बाजूला सरकू. हंबीररावांची बहीण सोयराबाई ही शिवाजी महाराजांची राणी आणि राजाराम महाराजांची आई. म्हणजे ताराबाई आत्याच्याच घरात सून झाल्या, नवरा आत्तेभाऊ. मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडे जुनी, त्यामुळे यात नवल काही नाही. पण आणखी एक पिढी वर चढलं की मोहित्यांचं आणि भोसल्यांचं नातं किती मुरलेलं होतं ते दिसतं.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींची बखर लिहिली. त्यात सुप्याचा प्रसंग आहे. शिमग्याचं पोस्त मागायचं निमित्त करून शिवाजी महाराज सुप्याला जातात आणि तिथल्या संभाजी मोहित्यांना कैद करतात. हे मोहिते महाराजांचे सावत्र मामा. बखरकाराला सांगायचा होता पराक्रम, पण ‘मामा’ या नात्याने तो नकळत एका बाईचं माहेर नोंदवून गेला. शहाजीराजांची दुसरी पत्नी तुकाबाई, तंजावरच्या व्यंकोजीराजांची आई, ती या संभाजी मोहित्यांची बहीण. हंबीररावांनाही वंशावळी याच संभाजी मोहित्यांचा मुलगा सांगतात. शहाजीराजांना तुकाबाई, शिवाजी महाराजांना सोयराबाई, राजाराम महाराजांना ताराबाई : लागोपाठ तीन पिढ्या भोसल्यांच्या घरात मोहित्यांची लेक आली. राणीचं माहेर शोधताना मला सगळ्यात जास्त उपयोग अशा जाता जाता आलेल्या उल्लेखांचाच होतो. लिहिणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतं, त्यामुळे तिथे सारवासारव कमी असते.

नातं होतं म्हणून राजकारण ठरलेलं होतं, असं मात्र समजू नये. १६८०मध्ये महाराज गेल्यावर सोयराबाईंना राजाराम गादीवर हवे होते. मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघाले. सख्ख्या भाच्याचं राज्य हंबीररावांच्या हातात होतं. त्यांनी उलट त्या कारभाऱ्यांनाच पकडून संभाजीराजांपुढे उभं केलं. १६८७मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले, तेही संभाजीराजांचे सरनोबत म्हणूनच. पुढे मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि त्यानंतर सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाला दम खाऊ दिला नाही. त्या कणखरपणाचं मूळ सांगताना तळबीडच्या या घराचा विसर पडू नये, असं मला फार वाटतं.

सवतींची माहेरंही याच पद्धतीने उलगडतात. जानकीबाई ही नेसरीला पडलेल्या प्रतापराव गुजरांची लेक. राजसबाई कागलच्या घाटग्यांची. १७१४मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले आणि गादीवर बसले ते राजसबाईंचे पुत्र, दुसरे संभाजीराजे.

आणि ज्या बाईच्या माहेराला वंशावळीत ओळभर जागा मिळत नव्हती, तिच्या शब्दावर पुढे अख्खी गादी टेकली. डिसेंबर १७४९मध्ये सातारचे शाहू महाराज निपुत्रिक वारले. रामराजा हा आपला नातू आहे, असं ताराबाईंनी सांगितलं, म्हणून तो छत्रपती झाला. वर्षभरात त्यांनीच त्याला कैदेत टाकलं आणि १७५२मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर शपथ घेऊन तो आपला नातू नव्हे म्हणून सांगितलं. यातलं खरं कुठलं यावर वाद होणारच. पण सगळा भार मुख्यतः आजीच्या साक्षीवर होता, ही गोष्ट वंशावळ मांडणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी.

ज्यांना हे कागद स्वतः चाळायचे आहेत त्यांनी डॉ. आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेले ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’चे खंड जरूर उघडावेत. आणि साळोखे, सरनाईक, इंगवले, ज्या कोणाच्या दारात अजून वंशावळ सांगणारा हेळवी येत असेल, त्यांनी एवढं करावं : तो वंशावळ वाचायला लागला की मधेच थांबवून विचारा, पणजी कुठल्या गावची, कोणाची लेक? त्याच्या वहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आपण वहीत उतरवा. आडनाव आणि गाव, दोन्ही लिहा. पुढच्या भागात कागलच्या घाटग्यांकडे जाऊ. राजसबाई त्यांचीच, आणि १८८४मध्ये दत्तक येऊन कोल्हापूरचे शाहू महाराज झालेले यशवंतरावही त्यांचेच.