एका अंशामागे 1,600 पिंपं

मस्कतजवळच्या मिना अल फहल इथून ओमानचं कच्चं तेल पहिल्यांदा परदेशी गेलं ते 27 जुलै 1967 रोजी. आज मोठ्या टँकरमध्ये 20 लाख पिंपं मावतात. तेल तापलं की फुगतं, एका अंश सेल्सिअसला साधारण 0.08 टक्के. म्हणून मोजलेलं तेल ठरलेल्या तापमानाच्या हिशेबात आणूनच सौदा होतो. तापमापक एका अंशाने चुकला, तर अशा एका टँकरमागे सुमारे 1,600 पिंपांचा फरक पडतो.

ओमानच्या तेलक्षेत्रात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनचं काम करताना हा हिशेब मी डोक्यातून जाऊ देत नाही. इथे पाइपमधलं तापमान बहुतेक ठिकाणी ‘पीटी-100’ मोजतो. ही प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा रोध 100 ओहम, 100 अंशांना 138.5. म्हणजे एका अंशाला जेमतेम 0.385 ओहम. दोनच तारांची जोडणी असेल, तर सैल स्क्रू किंवा गंजलेलं टर्मिनल तेवढा रोध सहज वाढवतं आणि पडद्यावर तेल एका अंशाने जास्त गरम दिसतं. म्हणून महत्त्वाच्या जागी चार तारा जोडतात. त्यात तारांचा रोध हिशेबात येतच नाही.

दाबाचा ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअरचा विद्युतप्रवाह पाठवतो. शून्याची जागा 4 वर ठेवली, कारण तार तुटली की प्रवाह 0 होतो. मग दाब खरंच नाही की तारच तुटली, हे लगेच कळतं. शून्य ते 40 बारच्या ट्रान्समीटरला 20 बार दाब दिला की 12 मिलिअँपिअर यायला हवेत. समजा 12.04 आले. एकूण पल्ला 16 चा, म्हणजे चूक 0.25 टक्के. आता 40 बारपर्यंत चढून परत 20 वर उतरायचं. या वेळी 12.06 आले, तर चढता-उतरतानाच्या या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात.

हा दाब अचूक द्यायला डेडवेट टेस्टर वापरतात. ठरावीक क्षेत्रफळाच्या पिस्टनवर वजनं ठेवायची. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. पण वजनाचा भार जागेप्रमाणे बदलतो. गुरुत्वाकर्षणाचं प्रमाण मूल्य 9.80665, मस्कतला साधारण 9.789. फरक 0.18 टक्के. टेस्टर 0.05 टक्क्याचा असला, तरी ही दुरुस्ती केली नाही तर त्या अचूकतेचा काही उपयोग नाही.

या वजनांना तरी प्रमाण कोणाचं? त्याहून सरस वजनांचं, आणि असं वर चढत थेट राष्ट्रीय मानकापर्यंत. या अखंड साखळीला ट्रेसेबिलिटी म्हणतात. प्रत्येक कडीवर थोडी शंका उरते, तीही आकड्यात लिहावी लागते. ‘20.05 बार, अधिक-उणे 0.02’ यातला दुसरा आकडा म्हणजे अनिश्चितता. तो नसेल तर पहिल्याला वजन नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे उपकरण नीट करणं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते उपकरण मानकाशी ताडून फरक लिहून ठेवणं आहे. जुळवणी हे पुढचं, वेगळं काम. म्हणून प्रमाणपत्रात आधी ‘ॲज फाउंड’ येतं, म्हणजे हात लावण्यापूर्वी काय सापडलं, आणि मग ‘ॲज लेफ्ट’. नव्या मुलांना मी बजावतो: पहिला रकाना भरल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. आधीच फिरवलात, तर गेल्या वर्षभरात मोजलेल्या तेलाचं काय झालं, हे सांगणारा एकमेव पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.

जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात काम करायला इथे कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे फील्डवरची तपासणी पहाटे उरकावी लागते, आणि घाई होते ती नेमकी ‘ॲज फाउंड’च्या रकान्यात.

ही गोष्ट फक्त तेलापुरती नाही. तुमच्या गावच्या दवाखान्यात रक्तदाबाचं यंत्र असेल, लसींचा फ्रीज असेल. ते शेवटचं कधी तपासलं, कशाशी ताडलं आणि किती चूक सापडली, हे तीन प्रश्न जरूर विचारा. रक्तदाबाच्या आकड्यावर औषधाचा डोस ठरतो. विचारण्याचा हक्क तुमचा आहे.