छातीत जंतू, डोक्यात मुंग्या

परवापर्यंत भिशीचा हिशेब तोंडी सांगणाऱ्या ऐंशीच्या आजी आज म्हणतात, भिंतीवरून मुंग्या चालल्यात. सुनेला ओळखत नाहीत, रात्रभर गाठोडं बांधत बसतात. घरातलं कुणीतरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होतं. ताप नाही, खोकला नावापुरता. आणि तरीही कारण न्यूमोनिया असू शकतं!

थांबा, याहून नवल पुढेच आहे. न्यूमोनियाचे जंतू बहुतेक वेळा मेंदूपर्यंत पोचलेलेही नसतात. मग छातीतल्या जंतूंनी डोक्यात मुंग्या सोडल्या कशा?

जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप रक्तातून आणि व्हेगस या लांबलचक मज्जातंतूवरून मेंदूत जातो. तिथे मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी जाग्या होतात. फ्लू झाला की तुम्हालाही हाच निरोप मिळतो: जेवण नको, बोलणं नको, पडून राहावंसं वाटतं. तरुण मेंदूचं एवढ्यावर निभावतं. म्हाताऱ्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया मात्र बिचकलेल्या पहारेकऱ्यासारख्या असतात. जरा खुट्ट झालं की वाडाभर आरडाओरड! त्यात लक्ष एकवटायला लागणारं ॲसिटिलकोलीन आधीच तुटपुंजं. मग लक्ष विस्कटतं, भास होतात. याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात.

आणि ताप? उतारवयात शरीराचं नेहमीचं तापमानच थोडं कमी असतं, ताप चढवायची ताकदही ओसरलेली. म्हणून कधी कधी थर्मामीटरच्या आधी वागणं बोलतं.

ओळखायचं कसं? स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांनी सरकत येतो, डेलिरियम तासा-दिवसांत. सकाळी शुद्धीत, संध्याकाळी भ्रमिष्ट. वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... आणि मध्येच धागा सुटतो. पण सगळेच काही आरडाओरडा करत नाहीत. कुणी नुसतं पेंगत राहतं आणि घरचे म्हणतात, आज किती शांत आहेत! मला हाच प्रकार सर्वांत घातक वाटतो, कारण डॉक्टरला बोलावावं असं कुणाला सुचतच नाही.

डेलिरियमचं कारण शोधताना लघवीच्या रिपोर्टवर मात्र आंधळा विश्वास नको. पुष्कळ वृद्धांच्या लघवीत काहीही त्रास न देता जंतू राहतात. ते सापडले म्हणून तपास तिथेच संपवला, तर खरं कारण निसटतं. ते एखादं नवं औषधही असेल, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी झालेलं असेल.

काही जंतू मात्र थेट मेंदूत घुसतात. हर्पिसचा विषाणू कानशिलामागच्या भागावर धाड घालतो. वागणं एकाएकी पालटतं, आणि असायक्लोव्हिर हे औषध लवकर सुरू करण्यावर जीव अवलंबून असतो.

आणि सिफिलिस? त्याची चिकाटी पाहून थक्क व्हायला होतं. तारुण्यात शिरलेला या रोगाचा जंतू दशकानुदशकं गप्प राहून मग माणसाचा स्वभाव, स्मृती, विवेक पोखरतो. एके काळी वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण खूप असत. त्या वेडामागे जंतू आहे हे नक्की कशावरून? 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या हिदेयो नोगुची यांनी, मूर या सहकाऱ्यासह, अशा मृत रुग्णांच्या मेंदूत तो नागमोडी जंतू प्रत्यक्ष दाखवला. वेडाच्या एका प्रकाराला चक्क सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं कारण मिळालं! आज त्याचा सुगावा साध्या रक्ततपासणीत लागतो, पाठीतलं पाणी तपासून खात्री होते, आणि शिरेतून 10 ते 14 दिवस पेनिसिलिन दिलं की तो मरतो. गेलेली स्मृती किती परत येईल, ते मात्र आपण त्याला किती लवकर ओळखलं यावर ठरतं.