‘अ’, ‘ॲन’ आणि मोजता न येणारी नामे

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नोकरी मागताना आपली मुले अर्जात पुष्कळदा लिहितात : ‘आय हॅव ॲन एक्स्पीरिअन्स ऑफ टू इयर्स.’ अर्थ कळतो; तरी इंग्रजी जाणणाऱ्यास त्यातील ‘ॲन’ खटकते आणि अर्जदाराविषयीचे पहिले मत तेथेच बनते.

‘अ’ किंवा ‘ॲन’ हे अनिश्चित उपपद मुळात ‘एक’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आले. त्यामुळे जी वस्तू एक, दोन अशी मोजता येते, तिच्याच नामाआधी ते शोभते. पाणी, तांदूळ, ज्ञान ही पदार्थवाचक व भाववाचक नामे तशी मोजता येत नाहीत. ही जाण मराठीलाही आहे. ‘चार माहित्या’ असे कोणी म्हणत नाही. अडचण येते ती दोन भाषांचा हिशेब जुळत नाही तेथे. आपण ‘एक बातमी’, ‘दोन सल्ले’ सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘न्यूज’ आणि ‘ॲडव्हाइस’ अगणनीय आहेत. एकच सल्ला सांगायचा तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे लागते.

पण केवळ यादी पाठ करून भागत नाही, कारण काही नामे दोन्ही घरची आहेत. काम करता करता साठलेला अनुभव अगणनीय. म्हणून अर्जात ‘टू इयर्स एक्स्पीरिअन्स’ एवढेच पुरे. सूर्या नदीच्या पुरात अडकल्याचा प्रसंग मात्र आरंभ-शेवट असलेला, म्हणून तो ‘ॲन एक्स्पीरिअन्स’. ‘वर्क’चेही तसेच. ‘आय वॉन्ट अ वर्क’ ही चूक. तेथे ‘वर्क’ किंवा ‘अ जॉब’ हवे. परंतु 1957 साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथाला ‘अ वर्क’ म्हणणे सर्वथा शुद्ध, कारण येथे शब्दाचा अर्थच ‘एक कृती’ असा आहे.

विशेषण आले की गुंता वाढतो. ‘अ गुड नॉलेज ऑफ पाली’, ‘अ गुड एज्युकेशन’ हे चालते. ‘अ गुड ॲडव्हाइस’ कधीच चालत नाही. याला तर्क लावू नये. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत अगणनीय अर्थापुढे ‘यू’ आणि गणनीय अर्थापुढे ‘सी’ हे अक्षर छापलेले असते. अर्ज पाठविण्यापूर्वी पालकांनी मुलांना तेवढे अक्षर पाहावयास लावावे. त्यासाठी पालकांना स्वतः इंग्रजी येण्याची गरज नाही.