उष्ट्र, उश्तुर आणि उष्टरखाना

अठरा कारखान्यांच्या जुन्या याद्यांत पीलखाना, तोफखाना, जामदारखाना, फरासखाना या नांवांच्या पंक्तींत उंटांच्या कारखान्याचें नांव 'उष्टरखाना' असें येतें. मोडींतून बाळबोधींत उतरवितांना तें 'उष्ट्रखाना' असें लिहिण्याचा मोह सहज होतो. मग पूर्वपद संस्कृत व उत्तरपद फारसी अशी फोड सुचते. आणि शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रचलेल्या राजव्यवहारकोशाचा हा परिणाम समजून कागदाचा काळही त्यावरून ठरविला जाण्याचें भय असतें. एवढा भार या एका जोडाक्षरावर घालूं नये, असें आमचें मत आहे.

फारसींत उंटास 'शुतुर' म्हणतात, हें शुतरस्वार, उंटाच्या पाठीवरून डागावयाची शुतरनाळ इत्यादि शब्दांवरून वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्याच भाषेंत 'उश्तुर' असेंही रूप आहे, व तें शुतुराहून जुनें आहे. अवेस्तेंत हा शब्द 'उश्त्र' असा असून जरथुश्त्र या नांवाच्या अखेरीस तोच बसला आहे. संस्कृत उष्ट्र व अवेस्तेंतील उश्त्र हे एकाच मूळाचे. एकानें दुसऱ्यापासून उसना घेतलेला नाहीं. तेव्हां उष्टरखाना हा शब्द आपादमस्तक फारसी असण्यास कांहींच अडचण नाहीं. श आणि ष यांविषयींची मोडी लेखकांची बेफिकिरी ध्यानांत घेतां, त्या ष वरूनही कांहीं सिद्ध होत नाहीं.

निर्णय शेजारच्या शब्दांवरून करावा. सगळी पंक्तीच 'खाना' पदानें संपत असेल, तर उष्टरही फारसी समजावा. खान्याच्या जागीं 'शाला' आली असेल, तर उष्ट्र संस्कृत मानण्यास आधार मिळतो. म्हणून नक्कल करणारांनीं मुळांत असेल तेंच अक्षर ठेवावें, आणि आपलें अनुमान टीपेंत द्यावें. आपला नित्याचा 'उंट' प्राकृत 'उट्ट' या रूपावरून आलेला असल्यामुळें या वादांत पडत नाहीं.

कानाला सारखे लागणारे शब्द किती प्रकारांनीं फसवितात, हें याच प्राण्याच्या नांवांत दिसतें. अमरकोशांत उष्ट्राचा पर्याय म्हणून 'क्रमेलक' दिला आहे. तो क्रम् धातूपासून निघाल्यासारखा दिसतो खरा; पण तो ग्रीक 'कामेलोस' याचें संस्कृत वेषांतर होय, आणि तो ग्रीक शब्द अरबी 'जमल' ज्या सेमिटिक कुळांतला त्याच कुळांतून आलेला आहे. उलट इंग्रजी 'ऑस्ट्रिच' ऐकतांच उष्ट्राची आठवण होते. ग्रीकांनीं त्या पक्ष्यास 'उंटचिमणी' व फारसी लोकांनीं 'शुतुरमुर्ग' म्हणजे उंटपक्षी म्हटल्यानें तर संशय बळावतो. तथापि ऑस्ट्रिच हा शब्द ग्रीक 'स्त्रूथोस', म्हणजे चिमणी, याच्या वंशांतला आहे. त्यांत उंट कोठेंच नाहीं.

आपल्या 'शहामृग' शब्दाची गंमत निराळीच. त्यांतील मृग म्हणजे हरिण नव्हे. फारसी 'मुर्ग', म्हणजे पक्षी, याला लोकांनीं संस्कृत वेष चढविला. परंतु मुर्ग हा अवेस्तेंतील पक्षिवाचक 'मेरेघ' याचा वंशज, आणि मेरेघ व वेदांत सामान्य वन्य पशूस लावलेला मृग हे सगे भाऊ. अर्थात् वेष चढविणारांस हें नातें ठाऊक नव्हतें.