जगन्मोहन राजवाड्यातील मराठी दीप

बेंगळूरु येथे बदलून येणारी मराठी कुटुंबे लवकरच एखाद्या सुट्टीत म्हैसूरची वाट धरतात. मुख्य राजवाडा आणि वृंदावन उद्यान पाहून बहुतेक जण परततात. परंतु जवळच्या जगन्मोहन राजवाड्यास अवश्य भेट द्यावी. तिसऱ्या कृष्णराज वडेयर यांनी तो १८६१ मध्ये बांधविला. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्यावर राजघराण्याचे वास्तव्य येथेच होते. १९१५ पासून येथे कलादालन आहे.

या संग्रहाचे भूषण म्हणजे हाती दिवा घेतलेली एक स्त्री. ज्योतीचा उजेड तिच्या मुखावर आणि ज्योतीआड धरलेल्या बोटांवर उजळून राहतो. येथे राजा रविवर्मा यांचीही चित्रे असल्याने अनेक प्रेक्षक हे चित्र त्यांच्याच खाती जमा करतात. वस्तुतः रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि त्यांची ख्याती तैलरंगांची. हे चित्र जलरंगातील, १९४५-४६ च्या सुमाराचे. चित्रकार सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर आणि दिवा धरणारी त्यांचीच कन्या गीता. जलरंगात एकदा लावलेली छटा सहसा मागे घेता येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रकाशाचे मोल उमगते.

एका खातेदाराची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडली, तर बँकेत ती नोंद तत्काळ दुरुस्त होते. कलेच्या खातेवहीतील ही दुरुस्ती मात्र आपणा प्रेक्षकांच्याच हाती आहे. म्हैसूरला गेल्यावर सोबतच्यांना हळदणकरांचे नाव आवर्जून सांगावे.